वागळे इस्टेटचा मल्टीमीटर-मेगरचा वीकेंड क्लास: करून आले, सविस्तर लिहितेय

सरळ सांगते, घराच्या वायरिंगचं टेस्टिंग, म्हणजे मल्टीमीटर आणि मेगर (वायरवरच्या आवरणातून, म्हणजे इन्सुलेशनमधून, करंट गळतो का ते जास्त व्होल्टेज देऊन मोजणारा मीटर) वापरायला शिकायचं असेल आणि तुम्ही ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली ह्या पट्ट्यात राहत असाल तर वागळे इस्टेटमधला हा शनिवार-रविवारचा क्लास करा. पाचातले चार स्टार, आणि एक का कापला ते पुढे लिहितेच. यूट्यूबवर मल्टीमीटरचे ढीगभर व्हिडिओ आहेत, मी पण बघितलेत, त्यात नॉब कुठे फिरवायचा आणि प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) कुठे लावायचे एवढं कळतं. इथे आकडा आल्यावर पुढे काय करायचं, तो आकडा खरा आहे की दुसऱ्याच कुठल्या वाटेने आलाय, हे शिकवतात. मला विचाराल तर फी ह्याच गोष्टीची आहे.

मी फ्लॅट रिनोव्हेशनची कामं घेते, नौपाडा, चरई, पाचपाखाडी साइडच्या जुन्या बिल्डिंगी जास्त. टाइल्स, पीओपी, ओटा, वॉटरप्रूफिंग ह्यातलं मला नीट कळतं, पण वायरिंगचा विषय आला की वायरमन म्हणेल ते. जुनी कन्सील वायरिंग ठेवायची की पूर्ण नवीन ओढायची हा निर्णय क्लायंटच्या खिशाला मोठा असतो, भिंती फोडायच्या म्हणजे खर्च, धूळ, शेजाऱ्यांची कटकट सगळं आलं, आणि तो निर्णय नुसत्या अंदाजावर घ्यायचा हे मला पटत नव्हतं. म्हणून मी आणि आमचे वायरमनदादा दोघांनीही नाव घातलं. दादांचा हात चांगला आहे, काम स्वच्छ, पण टेस्टिंग म्हणजे टेस्टर आणि सिरीज लॅम्प (सर्किटला सिरीजमध्ये जोडलेला बल्ब) एवढंच.

जागा म्हणजे इंडस्ट्रियल गाळ्याच्या पहिल्या मजल्यावरचा एक हॉल, रोड नंबर 16 च्या बाजूला. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते, गाडी आणलीत तर पार्किंगचं रस्त्यावर जे मिळेल ते. एसी नाही, पंखे आहेत. भिंतीला प्लायचे मोठे बोर्ड लावलेत आणि त्यावर खरी वायरिंग केलेली आहे, डीबी (जिथून घरातली सगळी सर्किटं निघतात तो बोर्ड), एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळाला की पडणारा स्विच), स्विचबोर्ड, फॅन रेग्युलेटर, गीझर पॉइंट, सगळं. काही ठिकाणी मुद्दाम फॉल्ट टाकून ठेवलेत आणि ते कुठे आहेत ते सर सांगत नाहीत. बॅचमध्ये आयटीआयची मुलं, एका सोसायटीचे सेक्रेटरी काका, लिफ्ट मेंटेनन्सवाले दोघं, आणि बायका म्हणाल तर मी आणि सोलरच्या कंपनीत काम करणारी एक मुलगी.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला वही काढायला लावली आणि दोन रकाने आखायला सांगितले, एक 'किती यायला पाहिजे' आणि दुसरा 'किती आलं'. पहिला रकाना भरल्याशिवाय मीटरला हात लावायचा नाही. कोणी घाईने प्रोब उचलले की सर म्हणायचे, "थांबा, आधी आकडा लिहा. काय यायला पाहिजे हे माहीत नसेल तर मीटरने काहीही दाखवलं तरी तुम्ही मान डोलावणार." सुरुवातीला शाळेत गेल्यासारखं वाटलं पण दुपारपर्यंत त्याची किंमत कळली.

पहिलं माप होतं जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बचं. 230 व्होल्ट, 100 वॅट, म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, 529 ओहम. सगळ्यांनी वहीत 529 लिहिलं, मीटर लावला तर 40 च्या आसपास. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, कोणी म्हणालं मीटरची बॅटरी उतरलीय. मग सरांनी समजावलं की हिशोबही बरोबर आहे आणि मीटरही बरोबर आहे, बल्ब पेटलेला असताना टंगस्टनची तार अडीच हजार डिग्रीच्या आसपास तापते आणि तापलं की धातूचा रेझिस्टन्स वाढतो, आपण मोजली ती थंड तार. तांब्याचं पण तसंच, एका डिग्रीला साधारण 0.39 टक्के, म्हणून मेच्या उन्हात गच्चीवरच्या वायरचं माप आणि जानेवारीतलं माप तंतोतंत जुळणार नाही. ओहमने हा नियम 1827 मध्ये मांडला, तो आपण सगळे दहावीच्या आतच पाठ करतो, पण टेंपरेचर धरून ठेवलं तरच तो असा सरळ चालतो हे त्या बल्बने दाखवलं तेवढं पुस्तकाने नाही दाखवलं.

त्यानंतर 2000 वॅटचं गीझरचं एलिमेंट, हिशोबाने 26.4 ओहम, मोजून 26.9 आलं. वरचा अर्धा कुठून आला? दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, मीटर 0.3 किंवा 0.4 दाखवतो, तो प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स. गीझरला त्याने काही बिघडत नाही पण एखाद्या अर्थच्या वायरचा रेझिस्टन्स बघताय जो मुळातच अर्धा ओहम आहे तर तिथे हा 0.4 म्हणजे जवळजवळ सगळंच. ज्या मीटरला आरईएल बटण आहे त्यात प्रोब टेकवून ते दाबायचं, नाहीतर हाताने वजा करायचं. आणि एक, कंटिन्यूटीच्या (तार सलग आहे का बघायच्या) बीपवर विसंबायचं नाही. बऱ्याच मीटरमध्ये वीस-तीस ओहमपर्यंतही बीप वाजतो, म्हणजे जॉइंट सैल असेल, गंजलेला असेल तरी तो बिनधास्त वाजणार आणि तुम्ही पुढे जाणार, लोडवर तोच जॉइंट तापणार. बीप फक्त कुठली वायर कुठे गेली हे शोधायला.

आता जो भाग माझ्या धंद्याला सगळ्यात उपयोगी पडला तो, वायरच्या कॉइलचा. आपल्याकडे हाउस वायरची कॉइल 90 मीटरची येते. 1.5 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स, वायरच्या क्लासप्रमाणे (आतल्या तारा किती बारीक, वायर किती लवचिक त्यावरून), किलोमीटरला 12.1 ते 13.3 ओहमच्या आत असायला हवा, 20 डिग्रीला. म्हणजे 90 मीटरला 1.1 ते 1.2, आपल्याकडच्या उकाड्यात थोडा जास्त धरा, 1.25 पर्यंत. कॉइलची दोन्ही टोकं सोलायची, मीटर लावायचा, प्रोबचं वजा करायचं, झालं. बॅचमधल्या एकाने स्वतःच्या साइटवरची स्वस्तातली कॉइल आणली होती, त्यावर 1.5 छापलेलं, मोजली तर 1.7. 1 स्क्वेअर एमएमची वायर 90 मीटरला 1.6 च्या आसपास येते, म्हणजे इन्सुलेशन जाड आणि आत तांबं कमी. तो बिचारा गप्पच झाला, अख्खा वन बीएचके त्याच वायरने ओढून झाला होता. सरांनी लगेच हेही सांगितलं की लांबी माहीत असल्याशिवाय हा आकडा घेऊ नका, कॉइल मुळात दहा-पंधरा मीटर कमी भरली असेल तर बारीक वायरही कागदावर पास होईल, त्यामुळे शंका आली तर दहा मीटर मोजून कापा, सोलून बघा, तारा मोजा, प्रत्येक तारेची जाडी गेजने बघा. मी आता माल साइटवर आला की कॉइल उघडायच्या आधी दादांकडून हे माप करून घेते. दुकानदाराशी बोलताना हातात आकडा असला की बोलणं लवकर संपतं.

हे झालं रेझिस्टन्सचं. खरा क्लास सुरू होतो इन्सुलेशनपासून.

इथे सगळ्यांचा, अगदी लिफ्टवाल्यांचा पण, एकच प्रश्न होता की मल्टीमीटरमध्ये मेगाओहमची (दहा लाख ओहमची) रेंज आहेच की, मग मेगर कशाला पाहिजे. सरांनी तोंडी उत्तर दिलं नाही, एका स्विचबोर्डाकडे नेलं. त्यात इंडिकेटर होता, तो छोटा लाल निऑन. फेज आणि न्यूट्रलमध्ये मल्टीमीटर लावला, ओएल, म्हणजे मीटरच्या दृष्टीने मध्ये काहीच नाही. मग 500 व्होल्टचा मेगर लावला, आकडा धाडकन मेगाओहमच्या खूप खाली, आणि निऑन मिणमिणता पेटलेला दिसत होता. मल्टीमीटर ओहम मोजताना दोन-तीन व्होल्टच देतो, निऑनला पेटायलाच सत्तर-ऐंशी व्होल्ट लागतात, त्यामुळे मल्टीमीटरला तो दिसलाच नाही. वायरमध्ये खिळा लागून इन्सुलेशन चिरलं असेल, आत धूळ आणि ओल बसली असेल, तरी हीच गत. दुसऱ्या बोर्डावर पाइपमध्ये मुद्दाम स्क्रू घुसवलेला होता, तिथे मल्टीमीटर कधी ओएल तर कधी पंचवीस-तीस मेगाओहम असा हेलकावत होता, मेगर लावला तर 0.3. घरातली लाइन 230 व्होल्ट म्हणतो आपण, पण त्याची शिखरं 325 व्होल्टपर्यंत जातात, त्यामुळे इन्सुलेशनची परीक्षा त्याच्याही वरच्या व्होल्टेजला घ्यावी लागते. टाइल्स लावायच्या आधी प्लंबर पाइपलाइनला प्रेशर टेस्ट करतो ना, गळती आहे का बघायला, नुसता नळ सोडून बघत नाही, अगदी तेच.

हातात जे मेगर दिले त्यातला एक हँडलवाला होता, लाकडी खोक्यासारखा, जड. तो फिरवायला मला फार आवडला. हँडल मिनिटाला साधारण 160 फेऱ्यांच्या वेगाने फिरवायचं, आतला जनरेटर 500 व्होल्ट डीसी तयार करतो, वेग पुरेसा झाला की क्लच सरकतो आणि हाताला ते जाणवतं. काट्याला स्प्रिंग नसते, म्हणून मेगर नुसता ठेवलेला असताना काटा डायलवर कुठेही उभा असतो, नवीन माणसाला वाटतं बिघडलाय. आत दोन कॉइल असतात, एकीतून व्होल्टेजचा करंट, दुसरीतून टेस्टचा करंट, दोघींच्या ओढाताणीत काटा जिथे स्थिर होतो तो ओहम, त्यामुळे हँडलचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी वाचन फार हलत नाही. लंडनच्या सिडनी एव्हरशेडने 1889 मध्ये इन्सुलेशन टेस्टर काढला आणि पुढे त्याच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीचं मेगर हे नाव 1903 मध्ये रजिस्टर झालं, म्हणजे मुळात हा एका कंपनीचा ब्रँड, आता आपण कुठल्याही कंपनीच्या टेस्टरला मेगरच म्हणतो. बाकीचे डिजिटल होते, बॅटरीवाले, वापरायला सोपे, टेस्ट संपली की वायरमधला चार्ज आपोआप उतरवतात आणि स्क्रीनवर व्होल्ट खाली येताना दिसतात. घ्यायचा असेल तर डिजिटलच घ्या, पण शिकायला हँडलवालाच हवा असं माझं ठाम मत झालंय, कारण ओल धरलेल्या वायरला लावल्यावर काटा कसा रेंगाळत रेंगाळत चढतो आणि चांगल्या वायरला कसा झटक्यात इन्फिनिटीला जाऊन चिकटतो हे डोळ्याला कळतं.

मेगर मारायच्या आधीची तयारी सरांनी इतक्या वेळा करून घेतली की काही मुलं कंटाळली, मला मात्र ते फार बरं वाटलं. मेन बंद करायचा, एमसीबीवर टेप मारायची म्हणजे दुसरं कोणी येऊन चालू करणार नाही. मग लाइन खरंच गेलीय का ते बघायचं, आणि तेही नुसत्या स्क्रू-ड्रायव्हर टेस्टरने नाही. मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग बंद केलेल्या सर्किटवर, मग परत चालू सॉकेटवर, म्हणजे मधल्या वेळात मीटरच बंद पडला नव्हता ह्याची खात्री. आपल्याकडे खूप घरात इन्व्हर्टर आहे, मेन बंद केला तरी फॅन-लाइटचं सर्किट इन्व्हर्टरवर चालूच राहतं, हा धोका सरांनी बोर्डावर प्रत्यक्ष दाखवला. मग डीबीतून ते सर्किट मोकळं करायचं, न्यूट्रलपण न्यूट्रल बारवरून काढायचा. एलईडी लाइट, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, फ्रिज, चिमणी, राउटर सगळं काढायचं, नाहीतर 500 व्होल्ट त्यांच्यात जाणार. डीबीत सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही बाहेर काढायचा, कारण तो वाढलेलं व्होल्टेज दाबायलाच बनवलेला असतो आणि वायरिंग चांगली असूनही रीडिंग खराब दाखवतो. काढताच येत नसेल तर 250 व्होल्टवर टेस्ट. काढता न येणारं काही इलेक्ट्रॉनिक्स राहिलंच असेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी टेस्ट करायची, म्हणजे त्यांच्यावर व्होल्टेज पडत नाही. टेस्ट संपल्यावर वायर डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही. हे दाखवायला आर्मर्ड केबलचं एक भेंडोळं होतं, मेगर मारून काढला, थोड्या वेळाने टोकं इन्सुलेटेड स्टिकने अर्थला टेकवली तर ठिणगी पडली, सगळे दोन पावलं मागे गेले.

आता आकड्याचा अर्थ. नियमात 500 व्होल्टला कमीत कमी 1 मेगाओहम पाहिजे असं आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या रेग्युलेशनमध्येही तेच. जुन्या आयएस 732 मध्ये (वायरिंगचं भारतीय मानक) 50 भागिले पॉइंटची संख्या असा नियम होता, आणि अख्ख्या इन्स्टॉलेशनला 1 मेगाओहमपेक्षा जास्त मागायचं नाही, आयटीआयच्या मुलांना तो तोंडपाठ होता. पण सर म्हणाले, "एक मेगाओहम म्हणजे काठावर पास. नवीन वायरिंग शंभरच्या वर दाखवायला पाहिजे, नवीन घरात दोन मेगाओहम आले तर मी सही करणार नाही." ह्यामागचा हिशोब त्यांनी फळ्यावर मांडला तो मी वहीत जसाच्या तसा उतरवलाय. 1 मेगाओहमला 230 व्होल्टवर 0.23 मिलीॲम्पिअर लीकेज. 30 मिलीॲम्पिअरची आरसीसीबी 30 ला पडलीच पाहिजे, 15 च्या वर कधीही पडू शकते. म्हणजे इन्सुलेशन घसरत घसरत पंधरा हजार ते साडेसात हजार ओहमवर येईपर्यंत आरसीसीबी काही बोलत नाही. चांगल्या वायरिंगचे शंभर मेगाओहम कुठे आणि हे पंधरा हजार कुठे! मधली एवढी मोठी घसरण फक्त मेगर दाखवतो. आणि ज्या जुन्या घरात आरसीसीबीच नाही, तिथे तेवढंही नाही.

इथेच आमच्या दादांचा आणि सरांचा संवाद झाला. दादा म्हणाले, "सर, आम्ही इतकी वर्षं सिरीज लॅम्पवरच करतोय, शॉर्ट असला की लॅम्प पेटतो, कळतं." सर म्हणाले, "दादा, शॉर्ट पकडायला सिरीज लॅम्प बेस्टच आहे, मी पण वापरतो. पण समजा इन्सुलेशन पन्नास हजार ओहमवर आलंय, तर लॅम्पमधून करंट किती जाणार?" दादांनी स्वतः हिशोब केला, साडेचार मिलीॲम्पिअर. तेवढ्यावर 100 वॅटचा बल्ब लालसुद्धा होत नाही, पण ओल्या हाताने धरलेल्या माणसाला तो करंट चांगलाच कळतो. दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे लॅम्प म्हणतो सगळं ठीक, आणि बाथरूममध्ये बाईला झिणझिण्या येतात, ते हेच." बरोबर तेच. गावदेवीजवळच्या एका कामात आम्ही ही तक्रार ऐकली होती. जो माणूस रोज हे काम करतो त्याला हे असं मान ठेवून, त्याच्याच हिशोबाने पटवून देणं, ह्यासाठी मी सरांना मनापासून मानते.

अजून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, गीझरच्या एलिमेंटची. आपल्याकडे पावसाळ्यात घर महिनाभर बंद ठेवून गावाला जाऊन आलं की गीझर चालू केल्या केल्या आरसीसीबी पडते, लोक लगेच नवीन एलिमेंट नाहीतर नवीन गीझर घेतात. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर दाबून भरलेली असते, ती हवेतली ओल शोषते, टोकाचं सील जरा कमजोर झालं की झालंच. क्लासमध्ये दोन एकसारखी एलिमेंट होती, एक दमट जागी ठेवलेलं आणि एक ओव्हनमध्ये वाळवलेलं. तार दोन्हीची 26-27 ओहम, काही फरक नाही, पण तार आणि बाहेरची नळी ह्यांच्यात मेगर मारला तर ओलं 0.6 मेगाओहम, वाळवलेलं दोनशेच्या वर. वाळवून आकडा चढला तर ते ओलीचं काम, नाही चढला तर नळीला चीर गेलीय, फेकून द्या. हे एवढं ज्ञान आमच्या क्लायंट लोकांचे किती पैसे वाचवेल ह्याचा विचार करा. (घरी स्वतः करू नका, गीझर उघडून वायरमनकडूनच करून घ्या.)

ओल आणि उष्णता ह्यावरही बराच वेळ दिला. इन्सुलेशनचा रेझिस्टन्स धातूच्या उलट वागतो, तापमान वाढलं की कमी होतो, दर 10 डिग्रीला साधारण निम्मा असा ठोकताळा. म्हणून रीडिंगशेजारी तारीख, वेळ, टेंपरेचर आणि पाऊस होता का हे लिहायचं. आणि वायर लांब झाली की इन्सुलेशन रेझिस्टन्स कमी होतो, सर्किटं एकत्र जोडली की अजून कमी, प्रत्येकी 10 मेगाओहमची दहा सर्किटं एकत्र मोजलीत तर 1 येणार, त्यामुळे मेनवर आकडा खराब आला म्हणून अख्खं घर फोडायची गरज नाही, एकेक सर्किट सुटं करून बघा, बहुतेक वेळा एखाद्याच सर्किटने सगळ्यांना खाली ओढलेलं असतं. माझी फी सगळ्यात जास्त ह्या एका वाक्यात वसूल झाली. नंतर चरईतल्या एका जुन्या फ्लॅटमध्ये आम्ही हेच केलं, पूर्ण डीबीवर 0.8 होतं, सुटं केल्यावर बाकी सगळी सर्किटं चाळीस-पन्नासच्या वर आणि बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीतलं एकच 0.9. वरच्या मजल्यावरून त्या भिंतीत पाणी झिरपत होतं. तेवढंच सर्किट नवीन ओढलं, आधी लीकेज बंद करून घेतलं, बाकी भिंतींना हात लावला नाही. क्लायंट आजोबांना मी दोन्ही रकाने दाखवले तर म्हणाले, "ताई, हे आधी कोणी दाखवलंच नाही हो."

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांच्या आग्रहाने पंपाच्या मोटरवरही थोडं झालं, एका मिनिटाचं रीडिंग आणि दहा मिनिटांचं रीडिंग ह्यांचं गुणोत्तर वगैरे, ते मी पटकन सोडून देते कारण माझं ते काम नाही, पण ज्यांच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचे पंप वारंवार जळतात त्यांनी तो भाग नीट ऐका.

आता तक्रारी. पहिली मोठी तक्रार, अर्थ टेस्टिंग, म्हणजे जमिनीतला अर्थ नीट आहे का ते मोजणं. तीन खुंट्यांचा अर्थ टेस्टर, व्होल्टेजची खुंटी करंटच्या खुंटीच्या 62 टक्के अंतरावर ठोकायची, हे सगळं फळ्यावर छान समजावलं, पण गाळ्याच्या आजूबाजूला सगळं काँक्रीट, खुंटी ठोकायला माती नाही म्हणून टेबलावर रेझिस्टर जोडून दाखवलं. ठाण्यात एवढी मैदानं आहेत, एक सकाळ परवानगी काढून न्यायला हवं होतं. जुन्या बिल्डिंगींमध्ये मीठ-कोळशाचे अर्थ पिट सुकून गेलेले असतात, बिल्डिंगचा अर्थच मेलेला असेल तर घरातली अर्थची वायर कितीही चांगली असून काय उपयोग, त्यामुळे हा भाग टेबलावर उरकायचा नव्हता. एक स्टार इथे गेला.

दुसरं, बॅच मोठी आहे आणि हँडलवाला मेगर एकच. नंबर लागेपर्यंत बराच वेळ नुसतं बघत बसावं लागतं. तिसरं, छापील नोट्स फक्त इंग्रजीत. वर्गात सर अस्सल मराठीत शिकवतात, दादांना सगळं कळलं, पण घरी जाऊन उजळणी करायला नोट्स उघडल्या की अडलं. त्यांच्यासाठी मी माझ्या वहीतली पानं फोटो काढून पाठवली. क्लासवाल्यांना विनंती आहे, मराठीत दहा पानं काढा, वायरमन मंडळींना खरी गरज त्याचीच आहे.

सर्टिफिकेटबद्दल बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहिते. मिळतं ते हजेरीचं सर्टिफिकेट, त्याने वायरमन परमिट किंवा कॉन्ट्रॅक्टर लायसन्स मिळत नाही, ते विद्युत निरीक्षकांच्या खात्याच्या रस्त्यानेच काढावं लागतं. वीज कनेक्शनसाठीचा टेस्ट रिपोर्ट लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरच्याच सहीने चालतो. हे सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, काही लपवलं नाही. मला त्या रिपोर्टवरचे आकडे आता वाचता येतात, आणि सगळ्या सर्किटांसमोर एकसारखं '100' लिहून आलं तर ते मोजून लिहिलंय की बसून, हे विचारता येतं.

मेगर लगेच विकत घ्यायची घाई करू नका. आधी साधा पण चांगल्या सेफ्टी रेटिंगचा मल्टीमीटर घ्या, कॅट थ्री लिहिलेला, प्रोबवरही तेच लिहिलेलं बघा. मेगर आम्ही क्लासनंतर काही आठवड्यांनी डिजिटल घेतला, 250-500-1000 व्होल्टवाला, आधी मुंबईतल्या लोहार चाळीच्या इलेक्ट्रिकल बाजारात हातात धरून बघितले. ऑनलाइन घेतलात तर कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मिळतं का ते विचारा. महापेला मेकोसारखी कंपनी आहे, म्हणजे नवी मुंबईतच मीटर बनतात, सर्व्हिसला जवळ पडेल असा विचार करून घ्या.

जायचं ठरवलंत तर शक्यतो पावसाळ्यातली बॅच घ्या, भिंती ओल धरतात तेव्हाची रीडिंग बघण्यासारखी असतात, आणि फोन करतानाच विचारून घ्या की बॅचमध्ये किती जण आहेत आणि अर्थ टेस्टिंग जमिनीवर दाखवणार का. सोबत स्वतःचा मल्टीमीटर न्या म्हणजे प्रॅक्टिसला थांबावं लागत नाही, घरातल्या किंवा साइटवरच्या वायरचा तुकडा न्या, सर तपासून देतात, आणि बूट घालून जा, चप्पल घातलेल्या कोणालाही ते बोर्डाजवळ उभं करत नाहीत.